जुन्या गाडीला एसी: पट्ट्यावरचा कॉम्प्रेसर की विजेवरचा?

जुन्या गाडीत एसी बसवायचं पक्कं झालं, की गाडं इथेच अडतं: गॅस दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरवायचा की विजेवर? दोन्हींत थंडावा देणारा गॅस बहुधा आर-१३४ए. गॅसची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सरही दोन्हींत रेडिएटरसमोरच येतो आणि ती उष्णता रेडिएटरवर येते, त्यामुळे रेडिएटर आधी साफ करून घ्याच.

इंजिनावरचा भार: पट्ट्यावरचा कॉम्प्रेसर त्याचा स्वतःचा क्लच (गिअरचा नव्हे) लागताच इंजिनाची काही अश्वशक्ती ओढतो. लहान इंजिन सिग्नलला थरथरतं, कधी बंदही पडतं. आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, वाढवणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा खटका) लावला की हे बरंचसं आटोक्यात येतं.

वीज: खरी मेख इथे आहे. विजेवरचा कॉम्प्रेसर १२ व्होल्टवर २ किलोवॅट घेत असेल, तर करंट जातो १६० अँपिअरच्या वर. जुन्या गाडीत वीज बनवणारा डायनॅमो देतो जेमतेम २०-३० अँपिअर, तेही इंजिन फिरत असताना. म्हणजे डायनॅमोच्या जागी मोठा अल्टरनेटर (जास्त वीज देणारा जनित्र), जाड वायरी, नवे फ्यूज आलेच. आणि अल्टरनेटर फिरवतो कोण? इंजिनच! भार काही फुकटात टळत नाही.

फिटिंग: पट्ट्यावाल्याला ब्रॅकेट आणि पुलीची रांग अचूक लागते, जराशी तिरकी असली तरी पट्टा किंचाळतो. विजेवरचा डिकीतही मावतो, इंजिनाचं मूळ रूप शाबूत राहतं.

टिकाऊपणा: गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, की पट्ट्यावाल्याचं शाफ्ट सील (फिरत्या दांड्याभोवतीची गळतीरोधक रिंग) सुकून गॅस गळू शकतो. विजेवरचा सीलबंद असतो.

रोज किंवा लांब पल्ल्याला चालवत असाल, तर माझं मत पट्ट्यावाल्यालाच. प्रदर्शनात नेण्याची गाडी असेल किंवा इंजिनाशेजारी जागाच नसेल, तर विजेवरचा घ्या, पण वायरिंग आधी.