बेअर-मेटल फॉइल : '57 शेव्हीच्या क्रोमसाठी पैसे वसूल

मॉडेल गाडीला रंग कितीही सुरेख बसू दे, खिडक्यांच्या कडा चंदेरी रंगात ब्रशने रंगवल्या की गाडी खेळण्यातली दिसायला लागते. चंदेरी रंग म्हणजे शेवटी चमकी घातलेला राखाडी. त्यात समोरचं काही उमटत नाही, आणि क्रोमचं सगळं सौंदर्य तर आजूबाजूचं उमटण्यातच असतं. त्यामुळे किटपेक्षा (म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या संचापेक्षा) आधी मी या फॉइलबद्दल, मॉडेलवर क्रोम म्हणून चिकटवायच्या या पातळ धातूच्या पापुद्र्याबद्दल, लिहिते आहे. किट काय, मिळतात.

बेअर-मेटल फॉइल ही मिशिगनमधल्या फार्मिंग्टनच्या छोट्या कंपनीची. एका पाकिटात एकच शीट, साधारण सहा बाय बारा इंचांची, मागे चिकट गोंद आणि त्याखाली कागद. अमेरिकेत किंमत दहा डॉलरच्या आतबाहेर. माझा मावसभाऊ नोव्हीला राहतो, तिथून फार्मिंग्टन अगदी शेजारी. त्याने येताना बॅगेत सपाट ठेवून आणली आणि हातात देताना म्हणाला, "ताई, एवढ्याशा कागदासाठी मला दोनदा फोन केलास?" केला, आणि पुढच्या वेळी परत करणार आहे.

मी डेंटल लॅबमध्ये काम करते. दिवसभर कॅपा आणि कवळ्या, डोळ्याला लूप, म्हणजे भिंग, आणि हातात बर्निशर, म्हणजे दाबून घासायचं हत्यार. म्हणजे हात बारीक कामाला सरावलेला आहे हे मान्य. पण फॉइल लावायला डेंटल लॅबचा हात लागत नाही, धार लागते. तिच्याकडे मग येते.

गाडी आहे एएमटीची 1/25 मापातली '57 शेव्हर्ले बेल एअर हार्डटॉप, म्हणजे 1957 सालची, पक्क्या छताची शेव्ही. (एएमटी ही किट बनवणारी कंपनीसुद्धा मूळची मिशिगनचीच, ट्रॉय गावची.) क्रोमची परीक्षा घ्यायची तर याहून चांगली गाडी नाही. शेव्हर्ले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागावर तेव्हा हार्ले अर्लचं राज्य होतं आणि क्रोमच्या बाबतीत त्या माणसाचा हात सढळ. कडेची पट्टी मागे जाऊन दुभंगते, त्या दोन फाट्यांच्या मध्ये बारीक रेघांचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्यावर सोनेरी 'बेल एअर', पुढच्या मडगार्डवर दोन्हीकडे तीन-तीन सोनेरी खुणा, जाळीही सोनेरी. पेट्रोलचं झाकणसुद्धा डाव्या शेपटाच्या क्रोम पट्टीत लपवलेलं! आपल्याकडे शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना 1928 पासून होता, पण तो 1954 लाच बंद झाला, म्हणजे ही गाडी काही शिवडीत जोडली गेलेली नाही. मी रंग दिला ट्रॉपिकल टर्क्वॉइज आणि छत इंडिया आयव्हरी. हो, शेव्हर्लेच्या त्या वेळच्या पांढऱ्या रंगाचं नाव खरंच इंडिया आयव्हरी होतं.

आता मापाचं बघा. खऱ्या गाडीवरची एक इंच रुंदीची पट्टी 1/25 मध्ये जवळजवळ बरोब्बर एक मिलिमीटर होते. खिडकीभोवतीच्या कडा त्याहूनही बारीक. म्हणजे थर जाड असून चालणारच नाही. स्वयंपाकघरातली फॉइल या कामाला जाड आणि ताठ पडते, वळणावर सुरकुतते, शिवाय तिला गोंद वेगळा लावावा लागतो. बेअर-मेटल मात्र काजूकतलीवरच्या वर्खासारखी बसते, खाली जो आकार असेल तो आपला म्हणते. पत्र्यावरच्या त्या बारीक रेघांवर फॉइल ठेवली, इअरबडने हलकेच दाबली, मग टूथपिक रेघेरेघेतून फिरवली, तर एकूण एक रेघ उठून आली. इथे मी लॅबचा बॉल बर्निशर वापरून पाहिला. काम झालं, पण टूथपिकने जे होतं त्यापेक्षा जास्त काही नाही.

लावायची पद्धत सोपी आहे. हवी त्याहून थोडी रुंद पट्टी शीटवरच कापायची, ब्लेडच्या टोकाने उचलायची, गाडीवरच्या क्रोमच्या उठावावर अलगद सोडायची, मधून कडेकडे दाबत जायची. मग क्रोमच्या उठावाच्या मुळाशी ब्लेड टेकवून एका दमात ओढायचं आणि बाहेरची फॉइल सोलून काढायची. ब्लेड बोथट असेल तर फॉइल कापली जात नाही, फाटते, आणि ती फाटकी कड नंतर सांधता येत नाही. हॉबीच्या महागड्या सुऱ्या विसरा. सर्जिकल दुकानात अकरा नंबरचं ब्लेड आणि तीन नंबरचं हँडल मागा. पुण्यात सदाशिव पेठेत औषधांची बाजारपेठ आहे तिथे सहज मिळतं. एका गाडीला मी ब्लेडं सढळ हाताने बदलते. ब्लेड वाचवून रंगावर ओरखडा काढून घेणं परवडत नाही. दाब किती द्यायचा? फॉइल इतकी पातळ आहे की ब्लेडचं स्वतःचं वजन जवळजवळ पुरतं.

रंग पूर्ण वाळलेला हवा, नुसता हाताला कोरडा लागून उपयोग नाही. नाहीतर फॉइल सोलताना खालचा रंग बरोबर येतो. पावसाळ्यात तर मी रंग आणि फॉइल यांच्यात भरपूर दिवस जाऊ देते. कडेला गोंद राहिलाच तर लायटरमध्ये भरायचं पेट्रोल इअरबडला किंचित लावून पुसायचा, आधी गाडीच्या पोटाखाली, दिसणार नाही अशा जागी करून बघून.

या फॉइलचा खरा चमत्कार अक्षरांवर दिसतो. बॉनेटवर मोठा 'व्ही' आणि त्याच्यावर वळणदार लिपीत 'शेव्हर्ले'. ही अक्षरं केसाएवढ्या रुंदीची. ब्रशने रंगवायला जाल तर अक्षरांच्या पोटात रंग भरतो. जुने मॉडेलवाले इथे उलट्या वाटेने जातात. आधी कोऱ्या प्लास्टिकवर, प्रायमरच्याही (रंगाखालच्या अस्तराच्याही) आधी, अक्षरांवर फॉइल लावायची. अक्षर न् अक्षर उठेपर्यंत घासायची, भोवतीची जादा कापून टाकायची. मग नेहमीसारखा प्रायमर, नेहमीसारखा रंग, सगळं त्याच्यावरून, पातळ थरांत. अक्षरं बुडाली की बरं वाटणार नाही, पण थांबायचं. शेवटी गुळगुळीत सुती कापड एका सपाट पट्टीवर ताणून गुंडाळायचं, त्याला थिनरचा नुसता वास लागेल इतकंच थिनर लावायचं आणि अक्षरांच्या माथ्यावरून फिरवायचं. कापड खोलगट जागेत शिरत नाही, फक्त उंचवट्यावरचा रंग पुसतं. खालून फॉइल उघडी पडते, पहिल्यांदा 'सी', मग एकेक करून सगळी. सोनेरी हवी म्हणून त्यावर टामिया कंपनीचा क्लिअर, म्हणजे पारदर्शक, पिवळा, त्यात क्लिअर नारिंगीचा थेंब. सोनेरी फॉइलसुद्धा मिळते, पण मला ही छटा जास्त पटली. खालची धातूची चमक तशीच राहते.

एक गोष्ट मी आवर्जून सांगेन: सगळीकडे एकच चकाकी लावू नका. खऱ्या '57 मध्ये बंपर क्रोमचे आणि कडेच्या पट्ट्या चकचकीत स्टेनलेस स्टीलच्या, पण मागचा तो रेघांचा पत्रा अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा, त्याची चमक मंद. बेअर-मेटलची मॅट अ‍ॅल्युमिनियम शीट वेगळी येते, ती त्या पत्र्यासाठी घ्या. शेजारी शेजारी दोन्ही लागल्या की गाडी एकदम खरी वाटायला लागते, आणि बघणाऱ्याला कारण कळत नाही.

सगळीकडे फॉइल चालते असंही नाही. बंपरसारख्या दोन्ही दिशांनी गोलाई असलेल्या मोठ्या भागावर ती ताणली जाते, पण कुठेतरी चुण्या पडतातच. तिथे किटमधला मुलामाच ठेवा. तो क्रोम नसतोच म्हणा, निर्वात भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून त्याचा थर चढवलेला असतो. वायपरच्या काड्या, दाराच्या मुठी, डॅशबोर्डची बटणं यांना क्रोम शाईचं पेन बरं. मोलोटोचं पेन मी वापरते. त्या शाईला पक्कं व्हायला दिवसच्या दिवस लागतात, मधे बोट लागलं की चमक जाते, वर पारदर्शक क्लिअरचा थर मारला तरी जाते. फॉइलला यातलं काही नाही, लावली की झाली.

आणि क्रोमचा कंटाळा असेल तर अमेरिकेतल्या कस्टमवाल्यांची वाट धरा. युद्धानंतर कॅलिफोर्नियात बॅरिस बंधूंसारखे लोक नव्या गाडीच्या बॉनेटवरची आणि डिकीवरची चिन्हं काढून भोकं बुजवायचे, दाराच्या मुठीसुद्धा काढून टाकायचे. मॉडेलमध्ये ते काम पुटी आणि पॉलिश पेपरने होतं. '32 फोर्डच्या हॉट रॉडला (वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाडीला) तर अंगावर क्रोम जेमतेमच. चकाकी सगळी पुढच्या अ‍ॅक्सलला आणि इंजिनाला. तिथे एक शीट कितीतरी गाड्यांना पुरेल. '57 शेव्ही मात्र शीट खाते.

भारतात ही फॉइल अधूनमधून ऑनलाइन दिसते, दुप्पट-तिप्पट भावात. एका विक्रेत्याने मला ती गुंडाळी करून पाठवली होती, उलगडेपर्यंत तिला बारीक भेगा गेलेल्या. मागवणार असाल तर पुठ्ठ्यात सपाट पॅक करून द्या असं आधीच लिहून घ्या. जुन्या शीटचा गोंद कागदाला धरून बसतो आणि फॉइल उचलताना तुकडे पडतात, म्हणून साठा करू नका. आलेली शीट झिपच्या पिशवीत घालून जाड पुस्तकात ठेवा आणि पिशवीवर तारीख टाका. घेताना नुसतं 'क्रोम' घेऊ नका, 'अल्ट्रा ब्राइट क्रोम' घ्या. पट्ट्यांना तीच शोभते.