नगरसेवकाचे शपथपत्र: किती उपयोगाचे, कुठे तोकडे

महापालिका, नगरपरिषद किंवा जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवार अर्जासोबत मालमत्तेचे शपथपत्र जोडतो. ते पाहायला पैसे लागत नाहीत. मतदाराला ते वाचायला मिळते यामागे सर्वोच्च न्यायालयाचे 2002 आणि 2003 चे निकाल आहेत. सेवा म्हणून याला पाचपैकी अडीच गुण. उमेदवाराकडे काय आहे, ते हा कागद बऱ्यापैकी सांगतो. त्याचा पैसा पालिकेच्या कामात कुठे गुंतला आहे, हे मात्र त्यातून जवळजवळ कळत नाही. ते कळायला हा कागद दुसऱ्या दफ्तरांशेजारी ठेवावा लागतो.

सुरुवात स्थावर मालमत्तेच्या तक्त्यापासून करा. तिथे गाव आणि गट क्रमांक असतो. महाभूलेख या सरकारी जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर विनास्वाक्षरीचा सातबारा फुकट दिसतो, डिजिटल स्वाक्षरीचा 15 रुपयांत मिळतो. गट क्रमांक दिलेला नसेल तर गाव निवडून नावाने किंवा आडनावाने शोधता येते. क्षेत्र वाचताना हमखास घोळ होतो: 0.40 हेक्टर म्हणजे 40 आर, जवळपास एक एकर. अनेक जण ते अर्धा एकर समजून पुढे जातात. मग फेरफार क्रमांक, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदीचा क्रमांक, पाहा. जमीन खरेदीने आली, वारसाने आली, की बक्षीसपत्राने, हे तिथेच कळते. प्रलंबित फेरफार ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतात.

बक्षीसपत्राकडे बारीक लक्ष द्या, कारण शपथपत्राची सगळ्यात मोठी फट तिथे आहे. शपथपत्रात स्वतःची, पती-पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता येते. कमावता मुलगा, भाऊ, जावई अवलंबित नसतात. राहते घर किंवा शेतजमीन मुलाला बक्षीस देण्यासाठी महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. अर्ज भरण्याआधी दोन महिने असा दस्त झाला, तर मालमत्ता शपथपत्रातून कायदेशीरपणे गायब होते आणि घरात मात्र तशीच राहते. हा दस्त नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये सापडतो. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक भरून सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढायची. त्यात दोन्ही पक्षांची नावे, मोबदला आणि बाजारभाव असतो. वर्षागणिक वेगळा शोध घ्यावा लागतो, म्हणून निवडणुकीच्या वर्षासोबत आधीचे वर्षही पाहा.

शेअर्स आणि भागीदारीच्या रकान्यात कंपनीचे नाव असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील मास्टर डेटामध्ये (कंपनीच्या मूळ नोंदीत) संचालकांची यादी मिळते. एका कंपनीची दाखल कागदपत्रे पाहायला 100 रुपये लागतात. बांधकाम व्यवसाय असेल तर महारेरा या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर प्रवर्तकांची आणि भागीदारांची नावे असतात. ही नावे हाताशी ठेवून महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर पालिकेच्या मंजूर निविदा चाळा. ई-निविदेच्या मर्यादेखालची कामे तिथे येत नाहीत. एकाच रस्त्याचे तुकडे पाडून काढलेली कामे नेमकी याच मर्यादेखाली बसतात.

आता कायदा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 10 नुसार स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, पालिकेच्या कंत्राटात हिस्सा असेल तर नगरसेवक अपात्र ठरतो. हे ऐकायला कडक आहे. पण त्याच कलमाच्या अपवादांत जमिनीची खरेदी-विक्री व भाडेपट्टा, कर्जव्यवहार, पालिकेची जाहिरात छापणारे वर्तमानपत्र आणि नोंदणीकृत कंपनीतील हिस्सा हे सगळे आहे. म्हणजे भागीदारी संस्थेतून ठेका घेतला तर पद धोक्यात, कंपनीतील हिस्सा मात्र अपवादात. कायद्यातली ही सर्वात दुबळी जागा आहे, आणि ती बदलायला हवी. ग्रामपंचायतीसाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये अशीच तरतूद आहे, निर्णय कलम 16 खाली जिल्हाधिकारी देतात.

जोडीदाराच्या नावावरचा ठेका हा यातला अवघड भाग. गोव्यातील एका पंच महिलेचे, म्हणजे ग्रामपंचायत सदस्येचे, प्रकरण 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. ठेका पतीचा होता, पण तिथल्या नागरी कायद्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता समाईक असल्याने पत्नीचाही हिस्सा धरला गेला. महाराष्ट्रात तसा समाईक हक्क आपोआप येत नाही. इथे पैसा कुठून कुठे गेला, हे दाखवावे लागते: बँकेची जामिनकी, एकच पत्ता, एकच मोबाइल, ठेकेदाराला दिलेले बिनव्याजी कर्ज. हे शेवटचे शपथपत्रात ‘दिलेली कर्जे’ या रकान्यात कधी कधी सरळ लिहिलेले असते, आणि तोच रकाना बहुतेक जण वाचत नाहीत.

शपथपत्राचा आणखी एक मोठा दोष म्हणजे ते अर्जासोबत एकदाच घेतले जाते. पालिकेतली खरी उलाढाल त्यानंतर सुरू होते. शेजारच्या कर्नाटकात महापालिका अधिनियमाच्या कलम 19 नुसार नगरसेवकाला दरवर्षी मालमत्तेचे विवरण द्यावे लागते. तेही पुरे पडत नाही. बेळगावात खाऊ कट्ट्यावरचे गाळे पत्नींच्या नावे घेतल्यावरून 2025 च्या फेब्रुवारीत दोन नगरसेवकांना प्रादेशिक आयुक्तांनी अपात्र ठरवले, आणि पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तरीही वार्षिक विवरण असणे आणि नसणे यात फार फरक आहे.

बाकीचे माहिती अधिकारातून काढावे लागते. शुल्क 10 रुपये, प्रत पानाला 2 रुपये, मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा. ‘अमुक नगरसेवकाच्या नातेवाइकांचे ठेके’ असे कधीही लिहू नका. 2025 च्या नोव्हेंबरपासून माहिती अधिकार कायद्याचे कलम 8(1)(ञ) बदलले असून वैयक्तिक माहिती म्हणून नकार देणे सोपे झाले आहे. प्रश्न कामाबद्दल विचारा: प्रभाग क्रमांक, आर्थिक वर्ष, कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीची) पाने, देयकाची तारीख आणि रक्कम, ठेकेदाराचा नोंदणी क्रमांक. नकार आलाच तर 20 रुपयांच्या पहिल्या अपिलात कलम 8(2) चा आधार घ्या. व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याची ती तरतूद अजून शाबूत आहे.