मरून बॅग आणि दोन स्वस्त एलईडी लाइट: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

माझी मैत्रीण हाताने लेदरच्या बॅगा शिवते आणि त्यांचे फोटो मी काढते. सुरुवातीला सगळं काम खिडकीच्या उजेडावर चालायचं. आभाळ भरून आलं की दिवस फुकट, आणि संध्याकाळी तर कॅमेरा बाहेर काढण्यातही अर्थ नसायचा. शेवटी एलईडी लाइट घ्यायचं ठरवलं. हातात पैसे बेताचेच होते. अकरा महिन्यांत दोन लाइट झाले: आधी एक चपटं बायकलर (उबदार-थंड असा रंग बदलता येणारं) पॅनल, आणि पाच महिन्यांनी ६० वॅटचा सीओबी लाइट (यात बऱ्याच एलईडी चिप एकाच ठिकाणी दाटीने बसवलेल्या असतात). दोन्ही स्वस्तातलेच. नावं देत नाही, कारण अगदी हेच पॅनल मी निदान तीन वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत पाहिलंय, आणि मॉडेलं सतत बदलत असतात. काय बघून घ्यावं ते मात्र बदलत नाही. मला ते पहिल्याच महिन्यात एका मरून बॅगेमुळे कळलं.

पॅनलवर काढलेले पहिले फोटो मला छान वाटले होते. उजळ, स्वच्छ, एकसारखे. मैत्रिणीला पाठवले तर पाच मिनिटांत तिचा फोन. "अगं, ही माझी बॅग नाहीये. ही तर तपकिरी दिसतेय." मी बॅग उचलून स्क्रीनशेजारी धरली आणि पोटात खड्डा पडला. हातातली बॅग गडद मरून, आणि फोटोतली विटकरीकडे झुकलेली, मेलेली. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे कॅमेऱ्याने केलेली रंगाची जुळवणी) चुकला असेल म्हणून ग्रे कार्डचा, म्हणजे तपासणीसाठीच्या राखाडी पुठ्ठ्याचा, फोटो तपासला, तर तो अगदी बरोबर होता. राखाडी रंग राखाडीच दिसत होता. मग एडिटिंगमध्ये लाल वाढवला, तर बॅगेचा टॅन पट्टा नारिंगी झाला. तासभर झटूनही तो मरून रंग काही परत आला नाही.

खोक्यावर तर 'सीआरआय ९५+' असं ठळक छापलं होतं. सीआरआय म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो याचं माप. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की हा आकडा १०० च्या जितका जवळ तितका लाइट चांगला. तो आकडा काढतात कसा हे त्या रात्री वाचलं. सीआरआयचा नेहमी छापला जाणारा आकडा ही ८ ठरावीक रंगांची सरासरी असते, आणि ते आठही रंग फिकट, सौम्य असतात. गडद लाल हा नववा नमुना, त्याला आर९ म्हणतात, आणि तो सरासरीत धरतच नाहीत. त्यामुळे लाल रंग वाईट दाखवणारा दिवाही बऱ्यापैकी गुण मिळवून जातो. सीआरआय ८० च्या साध्या एलईडी बल्बांमध्ये आर९ शून्याच्या आसपास असणं ही नेहमीची गोष्ट आहे, कधी तर तो उणेही निघतो. मरून लेदर, ओठ, त्वचेखालची लाली हे सगळं नेमकं या नवव्या रंगाच्या भरवशावर असतं. माझ्या पॅनलच्या माहितीपत्रकात आर९ चा उल्लेखच नव्हता. आता मी ही गोष्ट सगळ्यात आधी शोधते. ज्याचा आर९ चांगला असतो तो विक्रेता तो आवर्जून छापतो.

याचं मूळ पांढऱ्या एलईडीच्या रचनेत आहे. आत खरं तर निळी चिप असते, साधारण ४५० नॅनोमीटरची. तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर असतो. निळ्या उजेडाचा काही भाग फॉस्फर शोषून घेतो आणि पिवळा करून बाहेर टाकतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. लाल भाग भरून काढायचा तर फॉस्फरचं मिश्रण बदलावं लागतं. त्याने खर्च वाढतो आणि तेवढ्याच विजेत उजेडही कमी मिळतो. स्वस्त लाइटमध्ये काटछाट होते ती इथे.

हे घरबसल्या डोळ्यांनी बघता येतं. एक जुनी सीडी घ्या. पुठ्ठ्याच्या खोक्याला ब्लेडने बारीक उभी फट पाडा, फट लाइटकडे करा, आत सीडी तिरकी ठेवा आणि वरच्या भोकातून बघा. आधी मी खिडकीतून दिसणारं आकाश पाहिलं (सूर्याकडे मात्र हा प्रयोग चुकूनही करू नका). जांभळ्यापासून लालपर्यंत सलग पट्टा दिसला, कुठेही खंड नाही. मग पॅनल लावलं. निळी रेघ एकदम झगझगीत, तिच्या लगत हिरव्याच्या अलीकडे काळपट फट, नंतर रुंद हिरवा-पिवळा, आणि लालपाशी पट्टा विझल्यासारखा. आकाशाच्या पट्ट्यात लाल जिथवर पोचला होता त्याच्या बराच अलीकडे इथला लाल संपत होता. बॅगेचा मरून कुठे गेला याचं उत्तर त्या खोक्यात डोळा लावल्यावर मिळालं. तेव्हापासून कुणाचाही नवीन लाइट आला की मी ते खोकं घेऊन जाते.

दुसरा लाइट घेताना म्हणूनच मी वॅटचा आकडा शेवटी पाहिला. वॅट म्हणजे लाइट वीज किती खातो, उजेड किती देतो ते नव्हे. एक मीटरवर किती लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) हे विचारावं, आणि तो आकडा रिफ्लेक्टर लावून मोजलाय की उघड्या लाइटवर, हेही विचारावं. रिफ्लेक्टर सगळा उजेड एका ठिकाणी गोळा करतो, त्यामुळे छापलेला आकडा कितीतरी पटीने फुगतो. सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी, पुढे पांढरं कापड असलेली पेटी) लावला की त्यातलं फार थोडं उरतं. मी टीएलसीआयचा आकडाही पाहिला. युरोपातल्या प्रसारणसंस्थांच्या संघटनेने ठरवलेलं हे माप आहे आणि ते माणसाच्या डोळ्याऐवजी कॅमेऱ्याच्या नजरेतून रंग जोखतं. सीआरआय, टीएलसीआय आणि आर९ असे तिन्ही आकडे देणारा, फक्त डेलाइटचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), ६० वॅटचा सीओबी मी घेतला.

फक्त डेलाइट का, असं बरेच जण विचारतात. बायकलरमध्ये उबदार आणि थंड असे एलईडींचे दोन संच असतात. माझ्या पॅनलमध्ये ५६०० केल्विनवर, म्हणजे डेलाइटच्या रंगावर, गेलं की उबदार संच जवळजवळ बंद पडतो. म्हणजे ज्या ताकदीचे पैसे मोजले तिच्यातली निम्मीच हाताशी राहते. पूर्ण उजेड मिळतो तो मधल्या कुठल्यातरी मापाला. शिवाय डेलाइटच्या टोकाला माझं पॅनल हिरवट झाक मारतं. केल्विन वरखाली करून ही झाक जात नाही, त्यासाठी टिंट (हिरवा-गुलाबी झुकाव) वेगळा दुरुस्त करावा लागतो. घरातले पिवळे दिवे चालू ठेवून माणसांचे फोटो काढणाऱ्याला बायकलर जरूर घ्यावासा वाटेल, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र खोलीतले सगळे दिवे बंद करून काम करते. मला एकच रंग हवा, पण खणखणीत हवा.

नवा लाइट आला त्या दिवशी पहिलं काम मरून बॅगेचं. तीच बॅग, तोच कॅमेरा, तेच ग्रे कार्ड. या वेळी मैत्रीण शेजारीच उभी होती. स्क्रीनवर फोटो आला, तिने बॅग वर धरली, एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "हां, ही माझी." मी एडिटिंगमध्ये रंगाला हातही लावला नव्हता.

पण सगळं श्रेय लाइटचं नाही, निम्मं सॉफ्टबॉक्सचं आहे. पॅनलचा उजेड देणारा भाग जेमतेम पुस्तकाएवढा. बॅगेच्या पितळी बकलवर झूम करून पाहिलं तर त्यात पॅनलचा एकेक एलईडी ठिपक्यांसारखा मोजता यायचा. सावलीची कडही एक नसायची, पायऱ्या पायऱ्यांची दिसायची. धातू आणि लेदर उजेडाच्या उगमाचंच प्रतिबिंब दाखवतात, त्यामुळे उगम जितका मोठा आणि जितका जवळ तितकी चमक मऊ. ६० × ९० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स बॅगेपासून हातभरावर आणला तेव्हा बकलवर एक लांबट, शांत पांढरी पट्टी उमटली आणि लेदरचे रवे दिसायला लागले. जवळ आणण्याचा दुसरा फायदा उजेडाचा. अंतर निम्मं केलं की उजेड साधारण चौपट होतो, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) फुकटात मिळतात. सॉफ्टबॉक्स मोठा असला आणि अगदी जवळ आणला तर वाढ याहून थोडी कमी होते, पण तरी भरपूर होते. दुसऱ्या लाइटसाठी पैसे साठवत असाल तर आधी मोठा सॉफ्टबॉक्स आणि भक्कम स्टँड घ्या, असं मी अगदी कळकळीने सांगेन.

सॉफ्टबॉक्ससाठी लाइटला बोवेन्स माउंट (सामान अडकवायची ठरावीक मापाची खाच) असलेला बरा. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिचा माउंट इतका रुळलाय की कितीतरी कंपन्यांचं सामान त्यावर बसतं. स्वस्त सॉफ्टबॉक्सचं पांढरं कापड किंचित पिवळं असू शकतं. माझं आहे. म्हणून ग्रे कार्डचा फोटो सॉफ्टबॉक्स लावल्यावरच काढायचा.

आता फ्लिकर, म्हणजे उजेडाचं लुकलुकणं. पॅनलवरचा हा दोष मला चार महिने कळलाच नव्हता, कारण मी ते कायम पूर्ण ताकदीवर वापरायचे. एकदा बॅगेच्या मागच्या भिंतीवर हलका उजेड हवा होता म्हणून १० टक्क्यांवर आणलं, कॅमेरा सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, शटरवर होता, आणि फोटोत आडवे काळे पट्टे आले. आधी वाटलं कॅमेरा बिघडला. खरं कारण असं की डिमर उजेड कमी करत नव्हता, तर एलईडी फार वेगाने चालू-बंद करत होता. डोळ्याला ते मंद दिसतं. पण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात. ज्या ओळींच्या वाट्याला बंद क्षण जास्त आले त्या काळ्या पडल्या. तपासायला सोपं आहे. लाइट अगदी मंद करा आणि उजळलेल्या भिंतीसमोर पेन्सिल भराभर हलवा. उजेड स्थिर असेल तर पेन्सिलीचा सलग धूसर पंखा दिसतो. माझ्या पॅनलसमोर सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या, कंगव्याच्या दातांसारख्या. मी विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. त्यावर "लाइट चालू होतोय ना, मग दोष नाही," असं उत्तर आलं आणि बदलून मिळालं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण खोक्यावर 'फ्लिकर-फ्री' लिहिलेलं होतं. तेव्हा परत करण्याच्या मुदतीतच, सगळ्यात मंद उजेडावर, ही परीक्षा करून घ्या. सीओबी ५ टक्क्यांवरही स्वच्छ निघाला.

त्याचा पंखा मात्र वाजतो. फोटोसाठी काही फरक पडत नाही. पण मैत्रिणीने बोलत बॅग दाखवण्याचा व्हिडिओ केला तेव्हा पंख्याची घरघर आवाजात आली, आणि लाइट दूर नेऊन परत सगळं जुळवावं लागलं. पॅनलला पंखाच नाही, ते शांत, पण तापतं. गरम झाल्यावर एलईडीचा उजेड उतरतो. चालू केल्याकेल्या काढलेला फोटो आणि वीस मिनिटांनंतरचा यांत मला पाव स्टॉपच्या आसपास फरक मिळाला. ऑनलाइन विक्रीसाठी वीस बॅगा एकसारख्या दिसायला हव्यात, त्यामुळे आता लाइट आधी चालू करून ठेवते आणि मग टेबल मांडते.

बॅटरीबद्दल थोडक्यात: पॅनलला सोनीच्या जुन्या कॅमकॉर्डरवाली एनपी-एफ बॅटरी लागते. बॅटरीचे वॅट-तास भागिले लाइटचे वॅट, एवढा साधा हिशेब. मोठी ४७ वॅट-तासांची बॅटरी ३० वॅटचं पॅनल दीड तास चालवते, छोटी अर्धा तासही नाही.

अकरा महिन्यांत काय झिजलं? पॅनलच्या डिमरचा नॉब ढिला झालाय, टक्का एकदम ४० वरून ५५ वर उडी मारतो. सीओबीचा फिरता सांधा सॉफ्टबॉक्सच्या वजनाने हळूहळू मान टाकतो, प्रत्येक वेळी स्क्रू घट्ट पिळावा लागतो. सॉफ्टबॉक्सच्या एका कोपऱ्याचं वेल्क्रो उसवलं होतं, ते मैत्रिणीने लेदरच्या जाड दोऱ्याने शिवून दिलं. ते आता बाकीच्या तीन कोपऱ्यांपेक्षा मजबूत आहे. दोन्ही लाइटचा एकही एलईडी अजून गेलेला नाही.

जिथे काही हलतं तिथे मात्र या ताकदीचा एलईडी कमी पडतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. सॉफ्टबॉक्समधून एक मीटरवर मला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० ला १/१२५ सेकंद शटर आणि एफ ४ ते ५.६ (लेन्सचं छिद्र) मिळतं. बॅगेला, बसलेल्या माणसाला तेवढं पुरतं. मैत्रिणीची मुलगी बॅग खांद्याला लावून गिरक्या घेत होती, ते सगळे फोटो हलले. ६० वॅटचा लाइट १/१२५ सेकंदात अर्धा ज्यूलही वीज वापरत नाही, तर कॅमेऱ्यावरचा मोठा फ्लॅश एका झटक्यात ५० ज्यूलच्या पुढे खर्च करतो. एलईडी कार्यक्षम असला तरी हे अंतर भरून निघत नाही. गिरक्याच टिपायच्या असतील तर फ्लॅश घ्या. एलईडीचं सुख वेगळं आहे: बकलवरची पट्टी कुठे पडते ते शटर दाबण्याआधीच दिसतं, आणि लाइट बोटभर सरकवून ती हवी तिथे नेता येते.

पॅनल मी काढून टाकलेलं नाही. पूर्ण ताकदीवर, मेकॅनिकल शटर लावून, मागच्या राखाडी भिंतीवर उजेड टाकायला ते रोज वापरते. भिंतीत लाल नाही, त्यामुळे तिथे त्याची उणीव दिसत नाही. बॅगेवर मात्र त्याचा उजेड पडू देत नाही. मध्ये काळा पुठ्ठा उभा करते.