पेजस्पीड इनसाइट्स: गुण शंभरापैकी, पण कोणत्या विषयाचे?

छोट्या व्यवसायाच्या संकेतस्थळाचे कुठे बिनसले आहे हे शोधायला बसले की बहुतेक जण आधी गूगलच्या 'पेजस्पीड इनसाइट्स' या विनामूल्य साधनाकडे वळतात. पानाचा पत्ता टाकायचा, बटण दाबायचे आणि मिनिटभरात रंगीत वर्तुळात शंभरापैकी गुण समोर येतात; गुण चांगले असले तर वर्तुळ हिरवे. माझ्या ताईचा तसबिरींच्या चौकटी बनवून देण्याचा व्यवसाय आहे. तिच्या साइटवरून येणाऱ्या चौकशा जवळपास थांबल्या होत्या, म्हणून तीन आठवडे मी हे साधन कसून वापरले. वेग तपासण्यासाठी याच्याइतके चांगले फुकट साधन मला दुसरे सापडलेले नाही; मात्र त्याचे हिरवे वर्तुळ पाहून साइट आपले काम चोख करते आहे असे समजणारा मालक फसण्याची शक्यता बरीच आहे, असे माझे मत झाले आहे.

साइट हळू आहे हे ताईला मुळात पटतच नव्हते. "अगं, माझ्या फोनवर तर लगेच उघडतं!" हे तिचे म्हणणे खरेच होते, कारण तिचा फोन नवा, घरचे वायफाय वेगवान आणि रोज तीच साइट उघडत असल्यामुळे निम्मी चित्रे ब्राउझरच्या कॅशेमध्ये आधीच साठलेली. मालकाला आपली साइट नेहमी अशी तयार ताटासारखी मिळते. पहिल्यांदा येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती तशी मिळत नाही. पेजस्पीड इनसाइट्सची मोबाइल चाचणी त्या अनोळखी गिऱ्हाइकाची भूमिका घेते: रिकामे कॅशे, मध्यम ताकदीचा फोन आणि सेकंदाला सुमारे १.६ मेगाबिट इतकाच वेग देणारे संथ ४जी नेटवर्क, असे गृहीत धरून ती पान उघडून पाहते. ताईच्या मुखपृष्ठाला डेस्कटॉपवर ८४ गुण मिळाले आणि मोबाइलवर ३१. ज्यांनी साइट करून दिली त्यांनी काम सोपवताना फक्त डेस्कटॉपचा आकडा दाखवला होता, हे ओघाने आलेच.

या साधनाची खरी ताकद गुणांच्या खाली असलेल्या तपशिलात आहे. 'लार्जेस्ट कंटेंटफुल पेंट', म्हणजे पडद्यावरचा सर्वांत मोठा मजकूर किंवा चित्र दिसायला लागणारा वेळ, २.५ सेकंदांच्या आत असला तर चांगला आणि ४ सेकंदांच्या पुढे गेला तर वाईट मानला जातो. ताईच्या साइटवर तो २५ सेकंदांच्या आसपास होता. कारण शोधायला फार खणावे लागले नाही, कारण दोषी घटक कोणता ते साधनानेच बोट ठेवून दाखवले: मुखपृष्ठावरचा, कोरीव चौकटीचा, फोनच्या कॅमेऱ्यातून थेट चढवलेला फोटो. त्याची रुंदी ४००० पिक्सेल आणि वजन ४.६ मेगाबाइट होते. सेकंदाला १.६ मेगाबिट या वेगाने एवढी फाइल उतरायला केवळ गणितानेच २३ सेकंद लागतात, आणि एवढा खटाटोप करून तो फोटो दिसणार तळहाताएवढ्या पडद्यावर. रुंदी १२०० पिक्सेलवर आणून फोटो वेबपी या प्रकारात साठवला तेव्हा त्याचे वजन १४० किलोबाइट झाले आणि कोरीव कामातला फरक ताईच्या सराईत डोळ्यालाही ओळखता आला नाही.

तरीही आकडा ३.४ सेकंदांवर अडून बसला. चित्रे गरज पडेल तेव्हाच उतरवणारी 'लेझी लोडिंग' ही सोय एका प्लगइनने, म्हणजे साइटला जोडलेल्या तयार पुरवणी प्रोग्रॅमने, सरसकट सगळ्या चित्रांना लावून ठेवली होती, आणि त्यात पान उघडताच दिसायला हवा असलेला पहिला फोटोही आला होता. पानाच्या तळाशी असलेल्या चित्रांसाठी हा उपाय उत्तम आहे. पहिल्याच चित्राला लावला तर तो उलटतो. पेजस्पीड इनसाइट्स हेही नोंदवते, पण त्या ओळीवर क्लिक करून आत पाहावे लागते, आणि बहुतेक लोक वर्तुळाचा रंग पाहूनच परततात.

दुसरा दोष पान हलण्याचा होता. सुट्टीची सूचना देणारी एक पट्टी पान उघडल्यानंतर दोन सेकंदांनी वरून येई आणि खालचे सगळे ढकलून देई, त्यामुळे 'फोन करा' या बटणाकडे गेलेले बोट भलत्याच दुव्यावर पडे. अशा हालचालीचे माप ०.१ च्या आत असावे असा दंडक आहे. इथे ते ०.३१ होते. पट्टीसाठी जागा आधीच राखून ठेवली आणि प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहिली, एवढ्यानेच ते ०.०४ वर आले.

जावास्क्रिप्टच्या, म्हणजे पानाबरोबर उतरून ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडच्या, बाबतीत मात्र साधनाचा सल्ला सामान्य मालकाच्या डोक्यावरून जातो. 'न वापरलेले जावास्क्रिप्ट कमी करा' हे वाक्य बरोबर आहे, पण चौकटी विकणाऱ्या माणसाने ते कसे कमी करायचे? खाली दिलेल्या फायलींच्या लांबलचक पत्त्यांमधून प्लगइनचे नाव ओळखावे लागते, आणि ते जमले तरच पुढचा मार्ग दिसतो. आम्हाला त्यात कोपऱ्यातला चॅटचा बुडबुडा सापडला. तो प्रत्येक पानावर उतरत होता आणि त्यावर आलेल्या प्रश्नांना उत्तर देण्याचे काम कुणाकडेही नव्हते. तो काढला. गुणांपेक्षा त्यातून झालेला दुसरा फायदा मला मोठा वाटतो: उत्तर न मिळणारी एक खिडकी कमी झाली.

गुणांविषयी दोन गोष्टी समजून घेतल्या नाहीत तर विनाकारण मनस्ताप होतो. पहिली अशी की तेच पान लागोपाठ तीनदा तपासले तर आम्हाला ५२, ६१ आणि ५७ असे वेगवेगळे गुण मिळाले; सर्व्हर आणि नेटवर्क यांच्या चढउतारांमुळे असे होते, म्हणून मधला आकडा धरावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अहवालात सर्वांत वर खऱ्या वापरकर्त्यांच्या अनुभवाचा विभाग असतो. तो क्रोम ब्राउझरमधून मागील २८ दिवसांत गोळा झालेल्या माहितीवर बेतलेला असतो, आणि शोधनिकालांतील क्रमासाठी गूगल विचारात घेते ती हीच माहिती. खालचे चाचणीतले गुण त्यासाठी वापरले जात नाहीत. पुरेशी वर्दळ नसेल तर हा विभाग रिकामा राहतो, आणि छोट्या व्यवसायांची वर्दळ बहुतेक वेळा तेवढी नसते. म्हणजे ज्यांना या माहितीची सर्वाधिक गरज, त्यांच्याच वाट्याला ती येत नाही. शंभर गुण मिळवून शोधात पहिले येण्याचे आश्वासन कोणी विकत असेल, तर त्याला आधी हा फरक विचारावा. तसेच वेगाविषयीचा जुना लेख वाचताना 'फर्स्ट इनपुट डिले' हे, पान स्पर्शाला किती लवकर प्रतिसाद देते याचे, माप भेटले तर लेख शिळा समजावा. मार्च २०२४ पासून त्याची जागा 'इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट' या मापाने घेतली आहे.

वेगाच्या वर्तुळाशेजारी अहवालात आणखी तीन वर्तुळे असतात. त्यांपैकी सुलभतेचे, म्हणजे पान सगळ्यांना वाचता-वापरता येते का हे सांगणारे, वर्तुळ दुर्लक्षित राहते, ते राहू नये. पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात लिहिलेला दूरध्वनी क्रमांक दिसायला नाजूक वाटतो, पण साध्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे हा निकष तो पाळत नाही, आणि उन्हात उभे राहून फोन पाहणाऱ्याला तो वाचताही येत नाही. सुरक्षित जोडणीबद्दल फार लिहायला नको. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी पानांवर, म्हणजे ज्यांची जोडणी सुरक्षित नाही अशा पानांवर, 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारतो, आणि जोडणी सुरक्षित करणारे प्रमाणपत्र तर विनामूल्यही मिळते.

आता ज्या कारणासाठी हा सगळा उद्योग आरंभला त्याकडे येते. चौकशीचे पान हे ताईच्या साइटवरचे सर्वांत हलके पान होते: चार रकाने, एक बटण, चित्र एकही नाही. त्याला मोबाइलवर ९६ गुण मिळाले, वर्तुळ हिरवेगार. मी माझ्या फोनवरून फॉर्म भरला, 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू' असा संदेशही उमटला, आणि ताईच्या इनबॉक्समध्ये काहीही आले नाही. पत्र स्पॅममध्ये होते. त्याच्या खाली आणखी अकरा चौकशा होत्या. त्याआधीच्या नव्हत्या, कारण स्पॅममधली पत्रे तीस दिवसांनी आपोआप पुसली जात होती.

घोळ असा होता की फॉर्म भरणाऱ्याचाच ईमेल पत्ता 'प्रेषक' म्हणून घालून होस्टिंगचा सर्व्हर पत्र पाठवत होता. ज्या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या) नावाने पत्र पाठवायचा अधिकार त्या सर्व्हरला नाही, त्या डोमेनच्या नावाने ते जात होते, आणि मेल स्वीकारणाऱ्या सेवा एसपीएफ, डीकिम व डीमार्क या, प्रेषक खरा आहे का हे पडताळण्यासाठीच्या, नोंदी तपासून अशा पत्राला तोतया ठरवतात. यात त्यांची चूक नाही. प्रेषक म्हणून ताईच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवायचा, गिऱ्हाइकाचा पत्ता 'उत्तर द्या' या रकान्यात घालायचा आणि पत्र रीतसर लॉगिन केलेल्या मेल खात्यातून पाठवायचे, एवढा बदल केल्यावर प्रश्न मिटला. यातले काहीही पेजस्पीड इनसाइट्सला दिसत नाही, कारण ते फॉर्म भरून पाहत नाही. ते एका वेळी एकच पान पाहते, ही मर्यादाही लक्षात ठेवावी: साइट तयार होत असताना दोन पानांवर लावलेली 'नोइंडेक्स' (हे पान शोधात दाखवू नका) ही खूण नंतर तशीच राहून गेली होती आणि त्यामुळे ती पाने गूगलच्या शोधात येतच नव्हती. मुखपृष्ठाच्या अहवालात त्याचा मागमूस नव्हता; तो दोष सर्च कन्सोल या गूगलच्याच दुसऱ्या विनामूल्य साधनात सापडला.

माझ्याकडून या साधनाला पाचपैकी चार तारे. पाचवा राखून ठेवला आहे तो सल्ल्याच्या भाषेसाठी; जो मालक स्वतःच साइट सांभाळतो त्याच्यासाठी ती भाषा लिहिलेली नाही. मुखपृष्ठ आणि सर्वाधिक पाहिले जाणारे एखादे आतले पान मोबाइलच्या विभागात तपासावे, मोठी चित्रे आणि हलणारे पान एवढे दुरुस्त करावे, आणि त्यापुढच्या प्रत्येक गुणासाठी कोणी पैसे मागितले तर थांबून विचार करावा. चौकशीचा फॉर्म मात्र दुसऱ्याच्या फोनवरून स्वतः भरून पाहावा.

ताईचे मुखपृष्ठ सध्या ७४ वर आहे. पाच फोटोंचा स्लायडर काढला तर ते नव्वदीत जाईल, हे मी तिला आकड्यांनिशी दाखवले. तिने तो काढलेला नाही, कारण चौकशी करणारे बहुतेक जण तिसऱ्या फोटोतल्या चौकटीचेच नाव घेतात.