ताडोबा की मेळघाट?

वाघ बघायचाच असेल तर ताडोबा, हे आधीच सांगून टाकतो. जमीन बरीचशी सपाट, पाणवठे ठरलेले. उन्हाळ्यात बांबू वाळला की लांबवर नजर जाते, आणि वाघ पाण्यावर येतोच. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, नाव तिथल्या गोंडांच्या तारू देवाचं. अडचण एकच, गर्दी. वाघ रस्त्यावर आला की जिप्सींची रांग लागते आणि मग बघावं वाघाकडे की समोरच्याच्या टोपीकडे!

मेळघाटात वाघ आहे, दिसेलच असं नाही. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांतलं हे एक. गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच्याच पोटात. सातपुड्याच्या घड्या, खोल दऱ्या, दाट साग. सिपना, खापरा, गडगा या नद्या इथूनच तापीकडे धावतात. आणि इथं कोरकू आदिवासी आहेत. त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे मराठीशी नातं नाही, गोंडीशीही नाही. मार्चअखेरीस पहाटे मोहाखाली जाऊन उभं राहा: फिकट पिवळी, रसाळ फुलं टप् टप् पडत असतात, बायका-पोरं टोपल्या भरत असतात, आणि हवेला गोडसर, किंचित आंबूस वास. वाघांसाठी जंगलातलं गाव पुनर्वसनात बाहेर हलतं तेव्हा ही झाडं मागेच राहतात. ताडोब्यातही गावं हललीच.

दोनच दिवस असतील तर ताडोबा. चार असतील तर मी मेळघाटातलं सेमाडोह-कोलकास धरेन, वाघ दिसो न दिसो.