कायरल स्क्रीनिंगची शेअर्ड शीट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या छोट्या लॅबला महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही, म्हणून कायरल स्क्रीनिंगचा सगळा डेटा एकाच शेअर्ड स्प्रेडशीटवर. कायरल स्क्रीनिंग म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेले रेणू (एनँशिओमर) कोणत्या कॉलममधून, म्हणजे भरलेल्या नळीतून, जाताना वेगळे होतात ते पाहणं. काम भागतं, पण रकाने सुरुवातीलाच नीट आखले तरच.

पहिला घोळ मोबाईल फेजचा, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकांच्या मिश्रणाचा. हेक्झेन आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) यांचं प्रमाण 90:10 असं टाकलं की शीट त्याला वेळ समजते. धारवाडला फाइल उघडणाऱ्याला 90:10:00 दिसतं, नाहीतर थेट 3.757. हेक्झेनचे टक्के, अल्कोहोलचे टक्के, अल्कोहोल कोणतं, अ‍ॅडिटिव्ह कोणतं (मिश्रणात थोडंसं घातलेलं आम्ल किंवा अल्क), असे चार रकाने केले की कटकट मिटते. अल्कोहोलचं नाव गाळू नका. आयपीएच्या जागी इथेनॉल आलं की काही रेणूंचे एनँशिओमर उलट्या क्रमाने बाहेर पडतात.

टी-झिरो, म्हणजे कॉलममध्ये न अडकणारा पदार्थ बाहेर यायला लागणारा वेळ, प्रत्येक रनला हवा. 250 × 4.6 मिमी कॉलमवर, मिनिटाला 1 मिली फ्लोला, ट्राय-टर्ट-ब्युटिलबेंझीन साधारण 3 मिनिटांना येतं. पीक (एकेका एनँशिओमरचे आलेखावरचे उंचवटे) 7.2 आणि 8.9 ला असतील तर अल्फा, म्हणजे टी-झिरो वजा केलेल्या दोन वेळांचं गुणोत्तर, 1.40. टी-झिरो वजा न करता नुसता भागाकार केला की 1.24 येतो, आणि चांगला कॉलम यादीत खाली जातो. त्यामुळे अल्फा हाताने भरू देऊ नका, सूत्र लॉक करा.

कॉलम नुसत्या नावाने नको, सिरियल नंबरने लिहा. ओडी-एच आणि आयबी या दोन कॉलमचा सिलेक्टर (एनँशिओमर वेगळे करणारा पदार्थ) एकच. पण ओडी-एचमध्ये तो नुसता लेपलेला (कोटेड), डीसीएम किंवा टीएचएफ यांसारखं द्रावक गेलं की कॉलम संपला. आयबीमध्ये तो पक्का बांधलेला (इमोबिलाइज्ड), त्याला ते चालतं. टीएफए (आम्ल) आणि डीईए (अल्क) एकाच कॉलमवर आलटून पालटून चालवले तर आधीच्याचा असर मागे राहतो आणि पुढच्या आठवड्यात पीक का सरकला ते कळत नाही. म्हणून 'आधीचं अ‍ॅडिटिव्ह' हा रकाना. सगळ्यांना जाच वाटतो, पण उपयोगाला हाच जास्त येतो.

रिकामा चौकोन सगळ्यात घातक. 'सुटलं नाही' (दोन पीक वेगळे झाले नाहीत), '30 मिनिटांत बाहेरच आलं नाही', 'चालवलंच नाही' या तीन वेगळ्या गोष्टी. शेऱ्याच्या रकान्यात कोणी मराठीत लिहितं, कोणी कन्नडमध्ये, कोणी इंग्रजीत, मग शोधायचं काय? ड्रॉपडाउन लावा. त्यात 'लाइट गेली' हाही पर्याय ठेवा, नाहीतर अर्धवट रन निकाल म्हणून मोजला जातो.

क्रोमॅटोग्रामची (रनच्या आलेखाची) लिंक सर्व्हरवरचीच द्या. एकाच पीसीचा पाथ दुसऱ्याकडे उघडत नाही.

बॅच रिलीजच्या (तयार माल विक्रीला सोडण्याच्या) कामाला ही शीट लावू नका. कोणी, कधी, कुठला आकडा का बदलला याची कारणासकट ऑडिट ट्रेल तिथे लागते, ती हिच्यात नाही.