सोल्यांसाठी घेतलेला डीप फ्रीझर, आणि त्याचं ते बूच

तुरीचे सोले, म्हणजे शेंगांतले हिरवे दाणे, साठवायला गेल्या डिसेंबरात घेतलेल्या 200 लिटरच्या डीप फ्रीझरला दहा महिने झाले. लिटर, वॉट, वॉरंटी हे दुकानदार सांगतोच. मला आधी बुचाबद्दल बोलायचं आहे.

आतला बर्फ वितळवला की पाणी जायला खाली एक भोक असतं, त्याला रबरी बूच. हे भोक जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर. त्याखाली गंज, कोपर असलं कुठलंच भांडं जात नाही, जाते फक्त चहाची बशी. आता पेटीभर बर्फाचं पाणी बशीनं काढा! पहिल्या वेळी अर्धा तास बशी-बादली, बशी-बादली केलं, मग वैतागून बूचच उपटलं. पाणी थेट ज्वारीच्या कट्ट्याखाली, म्हणजे पोत्याखाली. कंपनी कोणती ते विचारू नका, दुकानात पाच ठेवले होते आणि पाचही जणांचं बूच तिथंच होतं.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात. घरामागे वाडी आहे, त्यात वांगी, टमाटर, चवळी, मेथी, दोन लिंबं, आणि शेतात कपाशीमध्ये तुरीची तासं, म्हणजे ओळी. तुरीचे सोले डिसेंबर-जानेवारीत दीड महिना खायचे, मग साडेदहा महिने आठवण काढायची, हे मला पटत नव्हतं. सासूबाईंना फ्रीझर पटत नव्हता. "उन्हाचं बिल येते का वं?" एवढंच म्हणाल्या. त्यांचं सगळं वाळवण बाजेवर, जुन्या लुगड्यावर होतं. एक रुपया लागत नाही.

बिलाचं सांगते. आम्ही आधी 100 युनिटच्या आत असायचो. फ्रीझरमुळे महिन्याला 40-एक युनिट वाढले, आणि 100 च्या वरचा दर चढा असल्यामुळे बिलात चारशेची भर पडली. मे महिन्यात आणखी जास्त. ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही.

फेब्रुवारीत तर मी "घेऊ नका" असंच लिहायला बसले होते. जानेवारीत एका दिवशी 14 किलो सोले सोलले, पिशव्यांत भरले आणि सगळे एकदम आत ढकलले. रात्रभर गोठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोठले ते विटेसारखे, एक पिशवी फोडायला बत्ता लागला. महिन्यानं भाजी केली तर वास वाळल्या गवताचा आणि रंग मातकट. मी मशीनला शिव्या दिल्या.

चूक माझी होती. कच्चे सोले तसेच गोठवले तर दाण्यातली विकरं (एन्झाइम) थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि चव, रंग खातात. ती मारायला उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच माठाच्या गार पाण्यात, मग धोतराच्या फडक्यावर कोरडे करायचे. ताटात एकेरी पसरून आधी गोठवायचे, दाणा दाणा सुटा झाला की पिशवीत भरून हवा दाबून काढायची. आणि एका वेळी तीन-चार किलोच, कारण गरम माल आला की आधीच्या मालालाही घाम फुटतो. शेवटच्या तोड्याचे सहा किलो असे केले. ते आजही मुठीनं काढता येतात.

बाकीच्या वाडीचं म्हणाल तर, टमाटर अख्खे गोठवले, रश्श्याला चालतात. लिंबाचा रस बर्फाच्या साच्यात गोठवला. मे महिन्यात लिंबू महागलं तेव्हा घरचं सरबत होतं, याचं मला अजून कौतुक वाटतं. सांभार, म्हणजे कोथिंबीर, काळा पडला. वांग्याच्या फोडींचा चिखल झाला. सासूबाईंच्या वांग्याच्या खुला, म्हणजे उन्हात वाळवलेल्या फोडी, मात्र डब्यात खडखडीत, पावसाळ्यात चण्याच्या डाळीसोबत शिजवल्या आणि सगळ्यांनी बोटं चाटली. त्या माझ्याकडे बघून काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

मग मे. बाहेर 45 अंश, आणि दुपारी फ्रीझर बंद पडला. फोनवर "उद्या माणूस येईल" असं चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी आलेला मुलगा म्हणाला, "काकू, व्होल्टेज लो आहे, स्टॅबिलायझर नाही, वॉरंटीत बसत नाही." विकताना "याला स्टॅबिलायझरची गरजच नाही" म्हणणारे तुमचेच होते ना, असं विचारलं तर मोबाइल बघायला लागला. 450 रुपये भेटीचे, 1,900 स्टॅबिलायझरचे. ते 450 मी अजून माफ केलेले नाहीत. पण त्यानं एक काम चांगलं केलं. माझा हात धरून फ्रीझरच्या बाजूच्या पत्र्यावर ठेवला. चटका बसला. आतली उष्णता या पत्र्यातून बाहेर पडते म्हणे, आणि मी तिथंच कट्टे टेकवून ठेवले होते, वर टिनाचं छप्पर. फ्रीझर आतल्या खोलीत हलवला, भिंतीपासून वीतभर सोडून. तेव्हापासून कुरकुर नाही.

त्या चार दिवसांत सोले वाचले कारण दुपारी बंद पडायचा तरी रात्री व्होल्टेज आलं की चालायचा. खरी परीक्षा जूनच्या वादळात झाली. तार तुटली, दीड दिवस लाइट नाही. मी आत वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक रुपया ठेवलेला असतो. बर्फ वितळला तर रुपया बुडतो, मग नंतर पुन्हा गोठला तरी चोरी कळते. झाकण कोणाला उघडू दिलं नाही, वरून वाकळ टाकली. लाइट आल्यावर पाहिलं तर रुपया वरच, कोरडा.

दुसऱ्याच आठवड्यात नणंद आली. बाहेर मृगाचा पाऊस आणि ताटात सोलेभात. तिनं दाणा दाताखाली चावून पाहिला आणि विचारलं, "वहिनी, तूर कुठं लावली यंदा?" त्या दिवसापासून बिलाबद्दल माझी तक्रार निम्मी झाली. फक्त सोले आणि लिंबासाठी घेणार असाल तर घ्या. मेथी, वांगी, मिरचीसाठी घेत असाल तर आपल्याकडचं ऊन फुकट आहे.

बुचाचं राहिलं. यांनी चार विटांवर फ्रीझर चढवून दिला, भोकाला फवारणीच्या पंपाची जुनी नळी बसवली, पाणी थेट मोरीत. मी खूश. पण वीटभर उंची वाढली आणि सासूबाईंचा हात तळाच्या पिशवीपर्यंत पोचेना. सोले काढायला त्याच जातात, रोज. विटा काढल्या. बशी पुन्हा तिथंच.